फाशीच्या शिक्षांची नोंदवही कशी ठेवावी : सीमाभागातल्या नवख्यांसाठी

बेळगावकराला ‘हिंडलगा’ म्हटलं की आधी जेल आठवतो, गाव नंतर. कर्नाटकात फाशी देण्याची सोय असलेला तुरुंग हा एवढाच. त्यामुळे राज्यात कुठंही कुणाला फाशी सुनावली की कट्ट्यावर ठरलेलं वाक्य येतं, ‘आता इकडंच आणतील बघ.’ त्यामागोमाग ठरलेला प्रश्न, ‘आजवर कितीजणांना झाली असेल?’ एकजण चार सांगतो, दुसरा दोनशे, आणि भांडण जुंपतं. खरं तर एकजण दोरावर गेलेले मोजत असतो आणि दुसरा कोर्टात सुनावलेल्या शिक्षा. हिंडलग्यात शेवटची फाशी १९८३ साली झाली. त्यानंतर चाळीस वर्षं उलटून गेली तरी शिक्षा सुनावल्या जातच आहेत.

मी वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळतो. फाशीच्या खटल्यांची एक नोंदवही स्वतःपुरती ठेवली आहे, आधी शंभर पानी वही होती, आता एक्सेल. कॉलेजची पोरं, नवे पत्रकार, एखादा नवा वकील अधूनमधून विचारतात की हे सुरू कसं करायचं. त्यांना तोंडी सांगून सांगून कंटाळलो, म्हणून हे लिहून ठेवतो.

पहिली पायरी : काय मोजताय ते ठरवा

पावसाळ्यात आपण राकसकोपची पातळी विचारतो ना, तसंच आहे हे. जलाशयात आज किती पाणी आलं हा एक आकडा, आणि पाणी किती फुटांवर आहे हा दुसरा. आलेलं पाणी कमी झालं तरी सोडलं त्याहून कमी, तर पातळी वाढतेच.

फाशीचंही तेच. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातला ‘प्रोजेक्ट ३९ ए’ हा गट २०१६ पासून दरवर्षी आकडे काढत असे. त्यांच्या हिशेबात २०२२ साली देशभरातल्या सत्र न्यायालयांनी १६५ फाशीच्या शिक्षा दिल्या आणि वर्षअखेर फाशीच्या छायेत ५३९ कैदी होते. २०२३ साली शिक्षा १२० वर आल्या, म्हणजे चांगल्याच घटल्या. तरी वर्षअखेरचे कैदी झाले ५६१. बातमी वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी चुकलंय. कुणीच चुकलेलं नाही. वरच्या कोर्टांतून प्रकरणं निकाली निघण्याचा वेग कमी, म्हणून साठा वाढला.

तर वहीत तीन हिशेब वेगळे ठेवा : वर्षभरात सुनावलेल्या शिक्षा, ३१ डिसेंबरला शिल्लक असलेले कैदी, आणि प्रत्यक्ष दिलेल्या फाशा. तिसरा हिशेब सगळ्यात छोटा. २००४ पासून हे लिहीपर्यंत देशात आठजणांना फाशी झाली : २००४ मध्ये कोलकात्यात एक, २०१२ मध्ये येरवड्यात कसाब, २०१३ मध्ये तिहारमध्ये अफझल गुरू, २०१५ मध्ये नागपुरात याकूब मेमन आणि २० मार्च २०२० ला तिहारमध्ये निर्भया प्रकरणातले चौघं.

आणखी एक. १६५ पाहून ‘कोर्टं कडक झाली’ असं लिहू नका. त्यातल्या ३८ शिक्षा एकाच दिवशी, एकाच खटल्यात झाल्या, अहमदाबाद बॉम्बस्फोटाच्या. म्हणून खटले किती आणि माणसं किती, हे दोन्ही लिहा.

दुसरी पायरी : हद्द आखून घ्या

इथं आपल्या भागाचा नकाशा आडवा येतो. सीमाप्रश्नावर तुमचं जे मत असेल ते असो, वहीला मात्र त्या त्या दिवशी कोर्ट कोणत्या राज्यात होतं हेच बघावं लागतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार मुंबई राज्यात होते, म्हणजे बेळगावच्या सत्र न्यायालयानं दिलेली फाशी मंजुरीला मुंबई हायकोर्टात जायची. बिदर होतं हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात. १९५६ नंतर हे सगळं म्हैसूर राज्यात गेलं आणि १९७३ साली त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. राज्यवार तक्त्यात म्हैसूरचा आकडा १९५६ ला उडी मारताना दिसला तर गुन्हे वाढले असं समजू नका, जिल्हे वाढले.

तालुक्यांचीही हीच गत. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून तिथला १९५० चा खून बेळगावच्या कागदात सापडेल आणि १९६० चा कोल्हापूरच्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तेव्हाच्या बिदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले. साधा उपाय सांगतो : प्रत्येक नोंदीत ‘तेव्हाचा जिल्हा’ आणि ‘आजचा जिल्हा’ असे दोन रकाने ठेवा. सुरुवातीला वेळखाऊ वाटतं, पण पुढं कितीतरी वाद वाचतात.

हायकोर्टाचीही वाटणी समजून घ्या. जुलै २००८ पर्यंत आपल्याकडची सगळी प्रकरणं बेंगळुरूला जायची. तेव्हापासून धारवाड आणि गुलबर्गा इथं खंडपीठं बसू लागली, २०१३ ला ती कायम झाली. बेळगाव, कारवार, धारवाड, बागलकोट, बळ्ळारी ही धारवाडकडं. बिदर, गुलबर्गा आणि विजापूर गुलबर्ग्याकडं. सीमाभाग म्हणून एकच यादी करायची असेल तर दोन खंडपीठं धुंडाळावीच लागतात.

तिसरी पायरी : एका ओळीत एक माणूस

नवखा माणूस खटल्यागणिक ओळ घालतो. मग एका खटल्यात चार आरोपी, त्यातल्या एकाची शिक्षा कायम, दोघांची कमी, एक सुटला, हे एका ओळीत कोंबताना रडकुंडीला येतो. ओळ माणसाची ठेवा. खटल्याचा क्रमांक रकान्यात जाऊ द्या.

उलट भानगडही असते. दरोडे आणि खून करणाऱ्या दंडुपाळ्य टोळीसारख्या प्रकरणात एकाच माणसाला वेगवेगळ्या खटल्यांत वेगवेगळी फाशी सुनावलेली असते. तेव्हा माणसाला तुमचा स्वतःचा एक क्रमांक द्या आणि प्रत्येक शिक्षेला त्याखाली पोटक्रमांक. म्हणजे ‘माणसं किती’ आणि ‘शिक्षा किती’ दोन्ही एकाच तक्त्यातून निघतात.

माझ्या तक्त्यातले रकाने साधारण असे : गुन्ह्याचं वर्ष, कोर्ट, दोषी ठरवल्याची तारीख, शिक्षेची तारीख, कलम, हायकोर्टाचा क्रमांक आणि निकाल, सुप्रीम कोर्टाचा निकाल, दयेच्या अर्जाचा निकाल, आजची स्थिती, शेवटचं कधी तपासलं. दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं ह्या वेगळ्या तारखा आहेत, कारण शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावीच लागते. डिसेंबरअखेर दोषी आणि जानेवारीत फाशी असं झालं तर नोंद नव्या वर्षात.

आणि ओळ कधीही पुसायची नाही. माणूस निर्दोष सुटला तरी नाही. सुटलेल्यांच्या ओळी काढून टाकल्या की उरलेल्या तक्त्यात फाशी सुनावलेला प्रत्येकजण गुन्हेगारच दिसतो. ह्या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मोठा खोटेपणा मला विचाराल तर तो इथं होतो, आणि तोही कुणी मुद्दाम न करता.

चौथी पायरी : शोध वरून खाली घ्या

बहुतेकजण सुरुवात पेपरातल्या बातमीपासून करतात. करा, पण तिच्यावर थांबू नका. ‘फाशी’ शब्द टाकून जुने अंक शोधलेत तर निम्म्या बातम्या आत्महत्येच्या निघतात आणि उरलेल्यातल्या कित्येक ‘नराधमाला फाशी द्या’ म्हणणाऱ्या मोर्चांच्या. मथळ्यातलं ‘मरेपर्यंत’ हाही एक सापळा. ‘मरेपर्यंत फाशी’ वेगळी, ‘मरेपर्यंत जन्मठेप’ वेगळी. मी एकदा मथळ्यावरून घाईनं नोंद केली आणि निकाल हातात आल्यावर ती जन्मठेप निघाली.

कन्नड पेपर वाचल्याशिवाय बेळगावचं काम पुरं होत नाही. ‘मरणदंडने’ आणि ‘गल्लु शिक्षे’ म्हणजे फाशी, ‘जीवावधि शिक्षे’ म्हणजे जन्मठेप, ‘कोले’ म्हणजे खून. ‘अपराधी’ हा दोषी ठरलेला आणि ‘आरोपी’ आपल्यासारखाच आरोपी. पण ‘खुलासे’ला जपा. कन्नडमध्ये त्याचा अर्थ निर्दोष सुटका. मी पहिल्या वर्षी मोडकंतोडकं कन्नड वाचून वहीत चक्क ‘आरोपींनी खुलासा दिला’ असं लिहून मोकळा झालो होतो! ते सुटून घरी जाऊन सहा महिने झाले होते आणि माझ्या वहीत अजून फाशीच्या छायेत बसले होते.

जिल्हा कोर्टाचा शोध ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घ्यायचा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो, शेवटचे चार आकडे वर्षाचे. तो क्रमांक मिळाला की पुढचं सोपं. नावावरून शोधताना स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघा, आणि शहराचं इंग्रजी नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललंय हे लक्षात ठेवून जुनं आणि नवं दोन्ही. सत्र न्यायालय फक्त बेळगावातच बसतं असंही धरू नका, चिक्कोडी आणि गोकाकलाही अतिरिक्त सत्र न्यायाधीश बसतात. अडचण अशी की तिथं ‘फाशी’ असा शोध घेता येत नाही. निकाली म्हणून दिसेल, शिक्षा कोणती ते निकालपत्र उघडल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून युक्ती : खालून वर जाण्याऐवजी वरून खाली या. सत्र न्यायालयानं दिलेली फाशी हायकोर्टानं मंजूर केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीनं अपील केलं नाही तरी कागद हायकोर्टात जातातच. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६६ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ खाली. अशा प्रकरणांना कर्नाटक हायकोर्टात ‘क्रिमिनल रेफर्ड केस’ म्हणतात, मुंबई हायकोर्टात ‘कन्फर्मेशन केस’. कर्नाटकात आणखी एक सोय आहे : धारवाड खंडपीठाचे क्रमांक १००००१ पासून सुरू होतात आणि गुलबर्ग्याचे २००००१ पासून. संकेतस्थळावर खंडपीठ निवडा, प्रकार ‘क्रिमिनल रेफर्ड केस’ निवडा, वर्ष घाला आणि १००००१, १००००२ असं एकेक पुढं जा. नोंद सापडत नाही तिथं त्या वर्षाची यादी संपली. एका संध्याकाळी एका खंडपीठाची दहा वर्षं होतात. चहा दोनदा लागतो, कारण दर खेपेला ते चित्रातले वेडेवाकडे आकडे भरावे लागतात.

ह्या जाळ्यातून दोन मासे निसटतात. एक, सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली आणि वरच्या कोर्टानं ती वाढवून फाशी केली. दोन, ज्या विशेष कायद्यात अपील थेट सुप्रीम कोर्टात जातं. दोन्हींचं एकच उदाहरण हिंडलग्यातच होतं. १९९३ च्या पालार स्फोटात वीरप्पनच्या चार साथीदारांना म्हैसूरच्या टाडा कोर्टानं (टाडा हा दहशतवादविरोधी विशेष कायदा) २००१ मध्ये जन्मठेप दिली. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००४ साली तिथं ती फाशी झाली. सत्र न्यायालयांच्या यादीत हे चौघं नाहीत, हायकोर्टाच्याही नाहीत, आणि तरी वर्षानुवर्षं हिंडलग्यात फाशीची वाट बघत होते. २०१३ ला दयेचा अर्ज फेटाळला गेला, आणि जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रपतींकडं झालेल्या दिरंगाईच्या कारणावरून सुप्रीम कोर्टानं त्यांची शिक्षा जन्मठेपेवर आणली.

कलमांचंही भान ठेवा. खुनाचं ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ झालंय, पण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेले गुन्हे जुन्याच कलमाखाली चालतात. पुढची बरीच वर्षं दोन्ही आकडे शोधत राहावे लागणार.

पाचवी पायरी : ओळीचा पाठलाग

इथं घाई नको, वहीचा जीव इथंच आहे. फाशी सुनावली हा पहिला मुक्काम. २००० ते २०१५ मधल्या शिक्षांचा जो मोठा अभ्यास झाला त्यात शेवटपर्यंत टिकलेल्या फाशा शंभरातल्या पाचही नव्हत्या.

कोल्हापूरच्या गावित बहिणींची ओळ घ्या, आपल्याकडं प्रत्येक आईला हे प्रकरण तोंडपाठ आहे. २००१ मध्ये सत्र न्यायालयात फाशी, २००४ मध्ये हायकोर्टात कायम, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. कुणीही म्हणेल, ओळ संपली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं दिरंगाईच्या कारणावरून शिक्षा जन्मठेप केली. एकवीस वर्षं उघडी राहिलेली ओळ.

हिंडलग्यात ठेवलेल्या उमेश रेड्डीची ओळ आणखी वळणाची. २००६ मध्ये फाशी. २००७ ला हायकोर्टात दोन न्यायाधीशांचं शिक्षेवर एकमत झालं नाही, २००९ ला तिसऱ्या न्यायाधीशांनी फाशी कायम केली. २०११ ला सुप्रीम कोर्टात कायम, २०१३ ला दयेचा अर्ज नामंजूर. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेप केली, किमान तीस वर्षं सूट, म्हणजे मुदतीआधी सुटका, नाही ह्या अटीवर. कारण काय, तर दयेचा अर्ज निकाली निघण्याच्या कितीतरी आधीपासून, २००६ ते २०१३, त्याला बेळगावच्या तुरुंगात एकांतवासात ठेवलं होतं आणि ते बेकायदा होतं.

‘आजची स्थिती’ ह्या रकान्यात म्हणूनच नुसतं ‘जन्मठेप’ लिहून भागत नाही. साधी जन्मठेप, ठरावीक वर्षं सूट नसलेली जन्मठेप, नैसर्गिक मृत्यूपर्यंतची जन्मठेप, निर्दोष, फेरसुनावणीला परत, तुरुंगात मृत्यू, असे वेगळे पर्याय करा. ही मधली, सूट नसलेली जन्मठेप रुजली तीही कर्नाटकातल्याच स्वामी श्रद्धानंद खटल्यातून, २००८ मध्ये. त्याआधीच्या आणि नंतरच्या ‘जन्मठेपे’ला एकाच टोपलीत टाकलंत तर तुलना फसते.

सहावी पायरी : सरकारी आकड्याशी ताळा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा तुरुंगांविषयीचा वार्षिक अहवाल १९९५ पासून निघतो. त्यात फाशीच्या कैद्यांचा राज्यवार तक्ता असतो. गुन्ह्यांचा अहवाल वेगळा, त्यात गल्लत करू नका. हा आकडा तुरुंगांनी कळवलेला असतो आणि उशिरा छापला जातो, त्यामुळे निकालांवरून काढलेल्या आकड्याशी तो तंतोतंत जुळत नाही. फरक लिहून ठेवा, आपला आकडा त्याच्याशी जुळवून घेऊ नका.

हिंडलग्यात फाशीचे कैदी किती हे विचारायचं तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून मोजक्या शब्दांत. मराठीत लिहायची हौस मलाही आहे, पण तीस दिवसांनी ‘भाषा’ म्हणून परत आलेला अर्ज पाहिला की हौस फिटते. कन्नड किंवा इंग्रजीत लिहा. नावं मागू नका, ३१ डिसेंबरची संख्या आणि शिक्षा देणारं कोर्ट एवढंच मागा. कोर्टाचा मुद्दा महत्त्वाचा. हिंडलग्यात असलेले कैदी राज्यभरातून आलेले असतात. हिंडलग्याच्या आकड्यावरून ‘बेळगाव जिल्ह्यात फाशीच्या शिक्षा सर्वाधिक’ असं लिहिलेलं मी वाचलंय, आणि लिहिणारा बेळगावचाच होता.

जुन्या काळाकडं वळलात तर ‘स्वातंत्र्यानंतर पन्नास-पंचावन्नजणांनाच फाशी झाली’ हे वाक्य हमखास भेटेल. विधी आयोगाच्या १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालाच्या परिशिष्टात १९५३ ते १९६३ ह्या काळात सोळा राज्यांत मिळून १,४२२ फाशा नोंदल्या आहेत. एका दशकात. त्या पन्नास-पंचावन्नचा माग काढत बसण्यापेक्षा ते परिशिष्ट उघडा.

नावांबद्दल थोडक्यात. अत्याचाराच्या खटल्यात पीडितेचं नाव, गाव, शाळा काहीही तक्त्यात नको, तिची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. आरोपीचं नाव स्वतःपुरतं ठेवा, तक्ता कुणाला दिलात तर तिथं क्रमांक.

पहिली ओळ कुठली घालू असं विचाराल तर बळ्ळारीची घाला. २०१७ चा गुन्हा, बायको, मेहुणी आणि तीन मुलं. २०१९ ला सत्र न्यायालयात फाशी. ३० मे २०२३ ला धारवाड खंडपीठानं ती कायम केली; त्या अख्ख्या वर्षात देशातल्या कुठल्याही हायकोर्टानं कायम केलेली ती एकमेव फाशी. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती जन्मठेप केली, सूट नसलेली. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट, दोन्ही निकाल संकेतस्थळावर फुकट मिळतात. वाचून रकाने भरायला दोन संध्याकाळी पुरतात. फक्त मुलांच्या वयाचा परिच्छेद जेवणाआधी वाचू नका.